भायखळ्याच्या पुलापलीकडचं बास्केटबॉल

गिरण्या चालू होत्या त्या काळात घोडपदेवचा पोरगा खेळाडू निघाला म्हणजे तो कबड्डीचाच, असं सगळे धरून चालत. एका अंगाला काळाचौकी, दुसऱ्या अंगाला भायखळा, खाली रे रोड आणि कॉटन ग्रीनची गोदामं. मधल्या पट्ट्यात चाळी, आणि रामभाऊ भोगले मार्गावर न्यू हिंद मिल. पाळी सुटली की चाळीपुढच्या मातीत चुन्याच्या रेघा पडत, बघ्यांचं कडं उभं राही आणि अंधार पडेस्तोवर दम घुमत राही. गिरण्यांचे स्वतःचे संघ होते. चांगल्या चढाईपटूला किंवा पकड करणाऱ्याला खात्यात चिकटवून घेत. बदली कामगार म्हणून का होईना, त्याच्या घरी पगार सुरू होई.

तिथून चालत निघालं आणि भायखळ्याचा पूल ओलांडला की अर्ध्या तासाच्या आत नागपाडा येतो. तिथल्या मैदानावरच्या रेघा निराळ्या होत्या आणि दोन टोकांना लोखंडी कड्या टांगलेल्या होत्या. नागपाड्याची पोरं बास्केटबॉल खेळत. अमेरिकेत जन्मलेला, कॉलेजांच्या आवारात आणि वायएमसीएच्या हॉलमध्ये वाढलेला हा खेळ मुंबईच्या एका दाट, गरीब वस्तीत इतका मुरला की तिथून भारताचा कर्णधार निघाला. गुलाम अब्बास मुंतसीर हे त्यांचं नाव. 1970 सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

त्याच सुमारास समुद्रापार, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात बास्केटबॉलच्या कोर्टाला लागून असलेल्या घरात एक मुलगा वाढत होता. अँड्र्यू गेझ, जन्म 1965. वडील लिंडसे गेझ हे अल्बर्ट पार्कच्या स्टेडियमचे व्यवस्थापक आणि प्रशिक्षक. दार उघडलं की समोर कोर्ट. पुढे हा मुलगा ऑस्ट्रेलियाचा सगळ्यात गाजलेला व्यावसायिक बास्केटबॉलपटू झाला. मुंतसीर आणि गेझ यांच्यात एका पिढीचं अंतर आहे, पण या दोघांच्या वाटा शेजारी ठेवून पाहिल्या की मुंबईच्या कामगार पट्ट्यातल्या खेळाचा इतिहास लख्ख दिसतो. मैदान दोघांना मिळालं, शिकवणारे दोघांना मिळाले. गेझ मोठा होईपर्यंत त्याच्या देशात खेळणाऱ्याला खेळाचेच पैसे देणारी व्यवस्था उभी राहिली होती. नागपाड्याच्या पोरांच्या वाट्याला ती आली नाही.

हा खेळ डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जन्मला. वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेतले जेम्स नेस्मिथ यांना हिवाळ्यात छपराखाली खेळता येईल असं काहीतरी हवं होतं. त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या आणि 13 नियम लिहून काढले. शाळेतून शिकून गेलेले शिक्षक जगभरच्या वायएमसीएमध्ये पांगले आणि त्यांच्याबरोबर खेळही पांगला. हिंदुस्थानात मद्रासच्या वायएमसीए शारीरिक शिक्षण महाविद्यालयाने तो रुजवला. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1934 साली दिल्लीत झाली, आणि भारतीय बास्केटबॉल महासंघ 1950 साली स्थापन झाला.

नागपाड्यातली गोष्ट मात्र आणखी एका धाग्याने बांधलेली आहे, आणि त्या धाग्याला मराठी गाठ आहे. 1813 साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांची संस्था पुढे ‘अमेरिकन मराठी मिशन’ म्हणून ओळखली गेली. मुंबई, अहमदनगर, सोलापूर, सातारा या भागांत शाळा आणि दवाखाने चालवणाऱ्या या मिशनने 1920 च्या दशकात नागपाड्यात एक वेगळा प्रयोग केला. क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याचे सूत्रधार. धर्मोपदेश बाजूला ठेवून वस्तीच्या रोजच्या गरजांना हात घालायचा, असा त्यांचा विचार होता. त्यातून नागपाडा नेबरहुड हाऊस उभं राहिलं. वाचनालय, दवाखाना, बालवर्ग, रात्रीचे वर्ग, व्यायामाची सोय आणि मुलांना खेळायला जागा, हे सगळं एका छपराखाली आणि त्याच्या आवारात.

ही इमारत शिक्षणाच्या इतिहासातही मोलाची आहे. 1936 साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं तेव्हा त्याचे पहिले वर्ग इथेच भरले आणि मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक झाले. आज देवनारला असलेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. देशातलं समाजकार्याचं पहिलं औपचारिक शिक्षण आणि मुंबईतलं गल्लीतलं बास्केटबॉल एकाच अंगणात वाढलं, ही गोष्ट मुंबईकरांना अभिमानाने सांगता यावी अशी आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही.

नागपाड्याला खेळाची गरज कुणाहून कमी नव्हती. एका बाजूला कामाठीपुरा, दुसऱ्या बाजूला भायखळा, वर जेकब सर्कल. मुसलमान कारागीर, बगदादी ज्यू कुटुंबं, मराठी ख्रिस्ती, गिरणीतले कामगार, गोदीतले हमाल असे सगळे तिथे खेटून राहत. सआदत हसन मंटो याच भागात राहिले आणि इथली माणसं त्यांच्या कथांत आली. एका खोलीत सात-आठ माणसं झोपत असताना पोरांना घरात थारा नसे. रस्ता किंवा मैदान, एवढेच दोन पर्याय. क्रिकेटला जागा फार लागते, बॅट-पॅडला पैसे लागतात. बास्केटबॉलला एक चेंडू पुरतो आणि दहा पोरं त्यात गुंततात. दाट वस्तीला हा खेळ मानवला तो या हिशेबाने.

त्या काळच्या कोर्टावर खेळणं म्हणजे काय होतं, हे आजच्या गुळगुळीत लाकडी फरशीवरून कळायचं नाही. उघडं मैदान, खाली कडक जमीन, फळी लाकडाची. पावसाने ती फुगे, उन्हाने तडके, आणि तिच्यावरून चेंडू कसा परतेल हे फक्त तिथल्याच पोरांना ठाऊक असे. जमीन सारखी नसल्याने चेंडू आपटताना हातात परत येईलच याची खात्री नसायची. म्हणून चेंडू अंगाजवळ ठेवायचा, कमी आपटायचा, भराभर पास करायचा, ही सवय आपसूक लागे. पडलं की गुडघा सोलवटून निघे. अशा जमिनीवर घडलेला खेळाडू हॉलमध्ये गेला की त्याला चेंडू फारच आज्ञाधारक वाटत असणार.

या पोरांना वळण लावणाऱ्यांत बच्चू खान यांचं नाव नागपाड्यात आजही आदराने घेतलं जातं. त्यांच्या हाताखालून पिढ्या गेल्या, आणि तिथल्या महापालिकेच्या मैदानाला त्यांचंच नाव आहे. शेजारीच मस्तान तलावाचं मैदान आणि वायएमसीए. पुढे स्थापन झालेल्या नागपाडा बास्केटबॉल असोसिएशनची इंग्रजी आद्याक्षरं अमेरिकेतल्या जगप्रसिद्ध लीगशी तंतोतंत जुळतात, आणि नागपाड्यात ‘एनबीए’ म्हटलं की आधी आपलीच संघटना आठवते. रमजानच्या महिन्यात तरावीहची नमाज झाली की रात्री दिव्यांच्या उजेडात स्पर्धा रंगतात. बाहेरच्या वर्तमानपत्रांनी या वस्तीचं नाव वर्षानुवर्षं टोळ्या आणि पोलीस यांच्याच संदर्भात छापलं. राज्याला आणि देशाला इथून किती खेळाडू मिळाले याचा हिशेब त्या मानाने फारच थोड्यांनी मांडला.

मुंतसीर या अंगणातले. नागपाडा नेबरहुड हाऊसच्या कोर्टावर खेळ शिकून ते मुंबईच्या, मग महाराष्ट्राच्या आणि अखेर भारताच्या संघात गेले आणि त्या संघाचे कर्णधार झाले. बास्केटबॉलसाठी पहिला अर्जुन पुरस्कार 1961 साली सरबजित सिंग यांना मिळाला. त्यानंतर नऊ वर्षांनी तो नागपाड्यात आला. भारतीय बास्केटबॉलवर तेव्हा सैन्यदलाच्या आणि उत्तरेकडच्या उंचापुऱ्या खेळाडूंचा पगडा होता. मुंबईच्या एका वस्तीतल्या पोराने त्या गर्दीतून संघाचं नेतृत्व मिळवणं ही साधी गोष्ट नव्हती. भारत आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पहिल्यांदा उतरला तो 1965 साली क्वालालंपूरला. दहा वर्षांनी, 1975 साली बँकॉकला भारताने चौथा क्रमांक मिळवला. त्यापुढे भारताचा पुरुष संघ आजवर गेलेला नाही.

त्या पिढीचे गुणफलक वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. तीन गुणांची रेघ आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलमध्ये 1984 साली आली. त्याआधी कोर्टाच्या कुठूनही टाकलेली टोपली दोनच गुणांची. उंचीने कमी पडणारा पण लांबून अचूक नेम धरणारा खेळाडू दोन गुणांवरच अडकायचा, आणि त्याच दोन गुणांसाठी उंच खेळाडूला कडीखाली नुसतं उभं राहणं पुरे व्हायचं. आशियातल्या बुटक्या संघांना या नियमाने फार झिजवलं.

आता पैशाचं. मुंबईच्या स्पर्धांत उतरणारे तगडे संघ बहुतेक कचेऱ्यांचे असत. वेस्टर्न रेल्वे, सेंट्रल रेल्वे, कस्टम्स. खेळाडूचं भलं झालं म्हणजे त्याला ‘स्पोर्ट्स कोट्यात’ चिकटवलं गेलं. सकाळी सराव, दुपारी टेबल, स्पर्धेच्या वेळी खास रजा, आणि गुडघे गेले की पुढची तीस वर्षं कारकुनी. खोलीभाडं थकलेल्या घराला या नोकरीने किती आधार दिला, हे त्या घरांनाच ठाऊक. कबड्डीपटूला गिरणीने, बास्केटबॉलपटूला रेल्वेने पोसलं. त्या पोसण्याला एक मर्यादा होती. खेळ कितीही उंचावला तरी पगार हुद्द्याप्रमाणेच वाढे, आणि साहेबांच्या मर्जीने सराव ठरे. नोकरी लागली की घरच्यांच्या दृष्टीने खेळाचं काम झालेलं असे, आणि कित्येकांचा खेळ तिथेच थांबे.

ऑस्ट्रेलियातही सुरुवात काही फार वेगळी नव्हती. तिथे बास्केटबॉल हा क्रिकेट आणि फुटबॉलच्या सावलीतला खेळ. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान म्हणून त्यांचा पुरुष संघ पहिल्यांदा उतरला. 1979 साली दहा संघांची नॅशनल बास्केटबॉल लीग सुरू झाली. पहिलं विजेतेपद सेंट किल्डा संघाने मिळवलं. आरंभीच्या वर्षांत तिथलेही बरेच खेळाडू दिवसा कुठेतरी काम करून संध्याकाळी सरावाला येत. पण लीग टिकली. प्रेक्षक तिकीट काढू लागले, दूरचित्रवाणीवर सामने दिसू लागले, अमेरिकेतून खेळाडू येऊ लागले आणि खेळाडूचा पगार तिकीटबारीशी जोडला गेला.

1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये हे दोन देश समोरासमोर आले. अमेरिकेसह अनेक देशांनी बहिष्कार टाकल्यामुळे भारताला बास्केटबॉलमध्ये जागा मिळाली. ती भारताची या खेळातली एकमेव ऑलिंपिक वारी. ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक होते तेच लिंडसे गेझ. सात ते बारा क्रमांकांसाठीच्या फेरीत दोन्ही संघ होते. ऑस्ट्रेलिया आठवा आला. भारत सातही सामने हरला आणि बारावा आला. भारतीय संघातली बहुतेक नावं उत्तरेतली होती, नागपाड्याचं कुणीच नव्हतं. पराभवाची लाज वाटावी असं त्यात काही नाही. लीग सुरू होऊन जेमतेम वर्ष झालेल्या देशापुढे नोकरदार खेळाडूंचा संघ उभा होता, एवढं समजून घेतलं की पुरे.

त्यानंतर दीड वर्षाने, 18 जानेवारी 1982 रोजी, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. घोडपदेव, लालबाग, परळ, शिवडीच्या घरांतून पगार गेला, आणि गिरण्यांबरोबर त्यांचे संघही गेले. कबड्डी जगली ती मंडळांच्या आणि चाळींच्या बळावर, पण खेळाच्या जोरावर गिरणीत शिरायची वाट कायमची बंद झाली. न्यू हिंद मिलच्या जागेवर आज म्हाडाच्या इमारती उभ्या आहेत.

आणि 1984 मध्ये अँड्र्यू गेझ मेलबर्न टायगर्सकडून लीगमध्ये उतरला. वय अठरा-एकोणीस, प्रशिक्षक वडीलच. पहिल्याच वर्षी नवोदितांमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि त्याच वर्षी लॉस एंजेलिसला पहिलं ऑलिंपिक खेळला. तीन गुणांची रेघ आखली गेली तेही हेच वर्ष. तो काही उड्या मारून डोळे दिपवणारा खेळाडू नव्हता. कडीपासून दूर मोकळी जागा हेरायची, एका पावलात तिथे पोचायचं आणि बचाव करणाऱ्याचा हात वर यायच्या आत चेंडू सोडायचा, हे त्याचं कसब. नव्या रेघेने त्या कसबाची किंमत दीडपट केली.

1989 साली अमेरिकेतल्या सेटन हॉल विद्यापीठाकडून तो कॉलेज स्पर्धेची अंतिम लढत खेळला. मिशिगनविरुद्ध सामना जादा वेळेत गेला. अखेरचे तीन सेकंद उरले असताना मिशिगनच्या रुमील रॉबिन्सनने दोन्ही फ्री थ्रो घातले आणि सेटन हॉल 80–79 असं एका गुणाने हरलं. एनबीएमध्ये त्याला थोडेच दिवस मिळाले, पण 1999 साली विजेतेपद मिळवणाऱ्या सॅन अँटोनिओ स्पर्सच्या संघात तो होता. त्याची खरी कमाई मायदेशातच झाली. टायगर्ससाठी 1993 आणि 1997 ची दोन विजेतेपदं, लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून सात वेळा निवड, 612 सामने आणि 18,908 गुण. दर सामन्याला तिसाच्या वर सरासरी, तीही वीस वर्षं. पाच ऑलिंपिक खेळला आणि 2000 साली सिडनीत आपल्या देशाचा ध्वज घेऊन संचलनाच्या पुढे चालला. 2005 साली तो निवृत्त झाला तेव्हा वडीलही त्याच मोसमानंतर प्रशिक्षकपदावरून उतरले.

ही कारकीर्द वाचताना नागपाड्याची आठवण येते ती त्या वीस वर्षांमुळे. वयाच्या चाळिशीपर्यंत खेळत राहायला अंगात गुण लागतात, पण दरवर्षी ठरलेल्या तारखांना भरणारे सामने, पगार देणारा क्लब, दुखापत झाली तर डॉक्टर, आणि हरला तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा येणारा प्रेक्षकही लागतो. मुंतसीरांच्या पिढीला वर्षातून एक राष्ट्रीय स्पर्धा, चार निमंत्रित स्पर्धा आणि कधीमधी परदेश दौरा मिळे. माटुंग्याच्या डॉन बॉस्कोचा सॅव्हिओ कप म्हणजे मुंबईच्या खेळाडूंसाठी दिवाळीच. मधल्या महिन्यांत खेळाची धार टिकवायची ती गल्लीतल्या मैदानावर, स्वतःच्या हौसेवर.

पुढे भारतीय खेळाडूंना व्यावसायिक बास्केटबॉलचं दार उघडलं तेही ऑस्ट्रेलियात, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. केरळची गीतू ॲना जोस दक्षिण रेल्वेत नोकरीला होती. 2006 पासून ती मेलबर्नच्या पूर्वेकडच्या रिंगवूड क्लबकडून व्हिक्टोरिया राज्याच्या लीगमध्ये खेळली. ऑस्ट्रेलियन क्लबकडून असं खेळणारी ती पहिली भारतीय महिला. 2017 साली वाराणसीच्या विशेष भृगुवंशीशी ॲडलेड थर्टीसिक्सर्स संघाने करार केला. गेझने जिथे नाव कमावलं त्या लीगमध्ये करार मिळवणारा तो पहिला भारतीय. पंजाबचा प्रिन्सपाल सिंग कॅनबेरातल्या एनबीए ग्लोबल अकादमीत शिकला आणि तिथून अमेरिकेला गेला. इकडे मायदेशी पुण्याची शिरीन लिमये भारताच्या महिला संघाची कर्णधार झाली. मराठी मुलीने हा पल्ला गाठावा आणि मराठी वाचकाला तिचं नाव सांगावं लागावं, याचं वाईट वाटतं.

मुंबईत लीगचा झगमगाट अवतरला तो आधी कबड्डीसाठी. 26 जुलै 2014 रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि पहिल्याच सामन्यात यू मुंबाने जयपूर पिंक पँथर्सला 45–31 असं हरवलं. त्या वर्षीच्या लिलावात सगळ्यात महाग ठरलेल्या राकेश कुमारला 12.80 लाख रुपये मिळाले. 2018 साली मोनू गोयतची बोली 1.51 कोटींवर गेली. चुन्याच्या रेघांत खेळलेल्या म्हाताऱ्या गिरणी कामगारांनी हे आकडे टीव्हीवर पाहिले.

त्याच डोममध्ये 4 आणि 5 ऑक्टोबर 2019 रोजी सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात भारतातले पहिले एनबीए सामने झाले. पहिला सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सने तो 132–131 असा जिंकला. त्या दिवशी प्रेक्षागृह शाळकरी मुलांनी भरलं होतं. वरळी आणि नागपाडा यांच्यात टॅक्सीचं अंतर फारसं नाही. भारताची स्वतःची लीग मात्र येणार येणार म्हणत राहिली. 2015 ते 2017 या काळात मुंबई चॅलेंजर्स आणि पुणे पेशवाज हे संघ असलेली यूबीए लीग झाली आणि विरली. 2022 पासून इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीगचा प्रयत्न चालू आहे.

2017 पासून ऑस्ट्रेलिया आशिया चषकातही खेळू लागला. बैरुत, जकार्ता आणि 2025 साली जेद्दा अशा तिन्ही स्पर्धा त्यानेच जिंकल्या, जेद्दाची अंतिम लढत चीनविरुद्ध 90–89 अशी एका गुणाने. तिन्ही स्पर्धांत भारत होता आणि त्याला एकही सामना जिंकता आला नाही. भारताकडून अशा स्पर्धांत उतरणाऱ्या बऱ्याच खेळाडूंचा महिन्याचा पगार आजही रेल्वे, ओएनजीसी, सैन्यदल किंवा पोलीस खात्यातूनच येतो.